मार्डी ग्रा: मणी शिवणाऱ्या आजींना आमच्या क्रूची राणी करायचंय, सल्ला हवा

अनघा_मिडसिटी

नमस्कार मंडळी. प्रश्न मुख्यतः न्यू ऑर्लिन्समध्ये राहणाऱ्या किंवा राहून गेलेल्या लोकांसाठी आहे, पण लोककलावंतांचे सत्कार ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांनीही जरूर बोला.

आमची एक छोटी पायी क्रू आहे. (दुरून वाचणाऱ्यांसाठी: मार्डी ग्रा म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारचा सण, कार्निव्हलचा शेवटचा दिवस. क्रू म्हणजे कार्निव्हलची मिरवणूक काढणारं मंडळ. खर्च सभासदांच्या वर्गणीतून, शहराकडून परवाना आणि पोलीस.) आमच्याकडे फ्लोट म्हणजे सजवलेले रथ नाहीत, ते ओढायला ट्रॅक्टर नाही. स्वतः शिवलेले कपडे घालायचे, एक ब्रास बँड सांगायचा आणि मार्डी ग्राच्या आधीच्या एका शनिवारी वस्तीतून चालत जायचं, एवढंच. राजा-राणी आम्ही आपसांतच चिठ्ठी टाकून ठरवत आलोय. यंदा ठरलं की मान बाहेरच्या कुणाला तरी द्यायचा, आणि समितीत दोन तट पडले. निम्म्या लोकांना टीव्हीवर दिसणारा चेहरा हवाय.

माझ्या मनात एकच नाव आहे. सेव्हन्थ वॉर्डातल्या एक आजी. ब्लॅक मास्किंग इंडियन टोळीत, म्हणजे ज्यांना बरेच लोक मार्डी ग्रा इंडियन म्हणतात, त्यांच्यात त्या कित्येक वर्षं बिग क्वीन, म्हणजे टोळीची राणी, म्हणून निघाल्या. (हे भारतीय नव्हेत; अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसारखा मणी-पिसांचा पोशाख स्वतः शिवून निघणारे इथले काळे लोक.) आता गुडघे साथ देत नाहीत, पण शिवण चालू आहे. शाळा सुटली की गल्लीतली मुलं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती येऊन बसतात. टेबलावर कॅनव्हास, त्यावर पेन्सिलने काढलेली नक्षी, आणि टिकल्या-मणी रंगांप्रमाणे झाकणांमध्ये वेगळे केलेले. एकेक टिकली सुईने उचलायची, तिच्यावर मणी बसवायचा, दोरा परत खाली. तळहाताएवढ्या तुकड्यात संध्याकाळ जाते. ओळ वाकडी गेली तर आजी ओरडत नाहीत, फक्त कात्री त्या मुलापुढे सरकवतात. मूल निमूटपणे उसवायला लागतं. मीही तिथे सुई धरायला शिकतेय. ज्या घरात हे चालतं ते घर शहराने ओळखावं असं मला मनापासून वाटतं.

पण काही गोष्टी टोचतात. त्या आपल्या टोळीच्या राणी आहेतच. त्यांना आम्ही वरून आमचा मुकुट घालणं हा मान ठरेल, की आगाऊपणा? समितीची तयारी शाल आणि स्मृतिचिन्हाची आहे. मला वाटतं पैसे द्यावेत, पण कसे, किती, कोणत्या शब्दांत? आणि दिवसभर फोटो काढून संध्याकाळी त्यांना घरी सोडलं की संपलं, असं होऊ नये यासाठी काय करता येईल?

गेंटिलीचा_सुहास

अनघा, मी कत्रिना वादळाच्या आधीपासून या शहरात आहे. तुझं नाव योग्य आहे, आणि याला आधार आहे. क्रू डू व्ह्यू या क्रूचा २००८ चा राजा कोण होता माहितेय? रोनाल्ड लुईस. नोकरीत स्ट्रीटकारच्या रुळांची दुरुस्ती करायचे, राहायचे लोअर नाइन्थ वॉर्डात. घराच्या मागच्या अंगणात त्यांनी ‘हाउस ऑफ डान्स अँड फेदर्स’ नावाचं संग्रहालय थाटलं होतं: इंडियन लोकांचे सूट म्हणजे मणी-पिसांचे पोशाख, सेकंड लाइनच्या (ब्रास बँडमागे नाचत निघणाऱ्या मिरवणुकीच्या) छत्र्या, पंखे, फोटो. २००५ च्या पुरात ते गेलं, त्यांनी पुन्हा उभं केलं. मार्च २०२० मध्ये कोविडने त्यांना नेलं. बिग नाइन या सेकंड लाइन काढणाऱ्या क्लबचे ते अध्यक्ष होते. असा माणूस राजा होतो तेव्हा कोपऱ्यावर उभ्या असलेल्या बाईला तो कोण हे सांगावं लागत नाही.

टीव्हीवाल्या चेहऱ्याला मात्र वाईट म्हणू नकोस. बॅकस या मोठ्या क्रूने १९६९ च्या पहिल्याच मिरवणुकीत डॅनी के या नटाला राजा केलं आणि तेव्हापासून तो त्यांचा बाज आहे. अजस्र फ्लोट, शहराबाहेरून आलेली गर्दी. तिथे ते शोभतं. तुम्ही चालत जाता, तेही लोकांच्या ओट्यांसमोरून. तिथे ओट्यावरच्या माणसांना ओळखीचं कुणीतरी हवं.

आता रीत. आजींकडे जायच्या आधी त्यांच्या टोळीच्या बिग चीफकडे, म्हणजे प्रमुखाकडे जा. फोन नको, मेल तर नकोच. स्वतः जा, समितीतला वयाने मोठा माणूस बरोबर घे, आणि आधी विचार की आम्ही त्यांना विचारलेलं चालेल का. हे वगळलंस तर बाकी सगळं व्यर्थ. दुसरं, मार्डी ग्राचा मंगळवार आणि सेंट जोसेफची रात्र, १९ मार्च, हे त्यांचे दिवस. तुमचा शनिवार आधी येतो हे बरं, पण ते शेवटचे आठवडे त्यांच्या घरात सगळ्यात ओढाताणीचे असतात. सूट दरवर्षी नवा लागतो, गेल्या वर्षीचा घालून निघत नाहीत. त्या दिवसांत मुलाखतीला या, मापं द्यायला या, सभासदांच्या जेवणाला या, असं बोलावून त्यांच्या रात्री खाऊ नका. काम असेल तर तुम्ही त्यांच्या दारी जा.

तिसरं, फोटो. इंडियन सूटचे फोटो वर्षानुवर्षं कॅलेंडरांवर, पोस्टरांवर विकले गेले आणि शिवणाऱ्याला छदाम मिळाला नाही. अमेरिकन कायद्यात कपड्याला सहसा कॉपीराइट मिळत नाही, म्हणून २०१० च्या सुमारास चीफ हॉवर्ड मिलर यांनी वकिलाच्या मदतीने आपल्या सूटची नोंदणी शिल्प म्हणून करायचा मार्ग धरला. तुम्ही राणीचा चेहरा टी-शर्टवर छापणार असाल तर आधी लेखी परवानगी, आणि विक्रीतला वाटा त्यांचा.

आणि एक सांगावंसं वाटतं. टूटी मोंटाना, यलो पोकाहॉन्टस टोळीचे चीफ, पेशाने गिलाव्याच्या आधी भिंतींना पट्ट्या ठोकणारे कारागीर, ५२ वर्षं सूट शिवून निघाले. २७ जून २००५ ला ते नगर परिषदेच्या सभेत उभे होते, सेंट जोसेफच्या रात्री पोलीस इंडियन लोकांशी कसे वागतात ते सांगायला. बोलता बोलता तिथेच कोसळले आणि गेले. तेव्हा शनिवारी राणीमागे चालणाऱ्या तुमच्या सभासदांनी १९ मार्चच्या रात्रीही त्या वस्तीत जाऊन उभं राहावं. कॅमेरे खिशात ठेवून.

विदुला_प

हेतू चांगला आहे, पण मुळात राजा-राणीच का? ही रीत जुन्या, श्रीमंत गोऱ्यांच्या क्रूंची: कोमस १८५७ चं, रेक्स १८७२ चं. रेक्सचा राजा म्हणजे शहरातला प्रतिष्ठित पुरुष, राणी म्हणजे मोठ्या घरातली कॉलेजात शिकणारी मुलगी. १९९१-९२ मध्ये नगर परिषदेने भेदभाव करणाऱ्या क्रूंचा परवाना अडवायचं ठरवलं तेव्हा कोमस आणि मोमस या जुन्या क्रूंनी सभासदत्व खुलं करण्यापेक्षा रस्ता सोडणं पसंत केलं. या मुकुटाला तो वास आहे. आजींना ‘गुरू’ म्हणा, ‘मानकरी’ म्हणा. मुकुट कशाला?

अनघा_मिडसिटी

विदुलाताई, हा मुद्दा मी खूप घोळवला. पण मुकुट काही एकट्या रेक्सचा राहिलेला नाही. झुलू या काळ्या लोकांच्या क्रूचे लोक १९०९ मध्ये पहिल्यांदा निघाले तेव्हा त्यांचा राजा विल्यम स्टोरी याच्या डोक्यावर चरबीच्या पत्र्याच्या डब्याचा मुकुट होता आणि हातात केळीच्या दांड्याचा राजदंड. ही माणसं अशा क्लबांमधून आली होती जिथे वर्गणीतून आजाऱ्याचं औषधपाणी आणि मेलेल्याचा अंत्यविधी व्हायचा, कारण काळ्या माणसाला विमा कुणी धड देत नव्हतं. १९४९ मध्ये त्यांनी जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँगला राजा केलं. याच शहरात गरिबीत वाढलेला, १९२२ मध्ये शिकागोला गेलेला पोरगा जगभर नाव काढून राजा म्हणून परतला. इंडियन टोळ्यांत तर चीफ आणि क्वीन पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यासाठी त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही. मुकुट काढून घेतला तर या लोकांनी कमावलेलं काढून घेतल्यासारखं होईल. ‘मानकरी’ची फीत लावून आजींना बाजूला उभं करायला मी तयार नाही.

सुहासदादा, चीफकडे रविवारी जातेय. फोटोंचं तुम्ही सांगितलंत ते समितीला जसंच्या तसं वाचून दाखवलं.

हिशेब_ठेवणारा

पैशांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी करसल्लागार आहे, वृद्धांच्या बाबतीत हे वारंवार पाहतो. आजींना ‘एसएसआय’, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी सरकारी मदत, मिळत असेल (सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन वेगळं, त्यात गल्लत करू नका) तर मोठ्या रकमेचा चेक त्यांना महागात पडेल. हातात आलेली रोख भेट त्या महिन्याचं उत्पन्न धरली जाते, आणि एकट्या व्यक्तीच्या नावावर २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक राहिली तर मदतच थांबू शकते. सत्काराच्या चेकमुळे पुढचे महिने मदत बंद, असं होऊ देऊ नका.

मार्ग आहेत. मण्यांच्या, पिसांच्या दुकानाचं बिल तुम्ही परस्पर भरलंत तर साधारणपणे ते त्यांचं उत्पन्न धरत नाहीत. घरभाडं किंवा विजेचं बिल भरलंत तर मात्र मोजलं जातं. आधी त्यांना किंवा त्यांच्या मुलीला एकांतात विचारा, समितीपुढे नाही. मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या संस्थेत एकदा खात्री करून घ्या.

शिवाय राणीचा खर्च कुणाचा हे आधीच लिहून काढा. मोठ्या क्रूंमध्ये राजाला स्वतःच्या खिशातून बराच खर्च करावा लागतो. तुमच्या राणीला एक पैसाही पडता कामा नये: गाडी, बँड, त्यांच्या घरच्यांचं जेवण, सगळं क्रूचं.

अनघा_मिडसिटी

सगळ्यांचे आभार. हिशेबवाले दादा, तुमचा प्रतिसाद छापून घेऊन गेले होते. चीफनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले: तुम्ही कोण, कुठून जाता, याआधी कुणाला बोलावलंत, पैसा कुणाचा. मग म्हणाले, विचारा तिला.

आजींनी टेबलावरची सुई खाली न ठेवता ऐकून घेतलं. मग अटी सांगितल्या. आमचा मुकुट नको; त्या स्वतः शिवलेला घालतील, त्यांच्या शेवटच्या सूटचा, तो खोक्यात जपून ठेवलाय. भाषण करणार नाहीत. टेबलाभोवतीची मुलं त्यांच्या पुढे चालतील, मागे नाही, आणि बँड मुलांच्या चालीने चालेल. मिरवणूक त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली पाहिजे, कारण समोरच्या घरातल्या त्यांच्या मैत्रिणीला बाहेर पडता येत नाही. पैशांचं त्यांच्या मुलीशी बोलले. ठरलं असं की मुलांच्या सूटसाठी लागणारे मणी, टिकल्या, कॅनव्हास आणि पिसं यांचं वर्षभराचं बिल क्रू दुकानात परस्पर भरेल.

कालच्या बैठकीत समितीने हे सगळं मान्य केलं आणि टीव्हीवरचा चेहरा हवा म्हणणाऱ्यांनी आपलं नाव मागे घेतलं. थांब्यासाठी परवान्याच्या अर्जात बदल करावा लागेल, तो मी भरतेय. आता अडलंय ते गाडीवर. आजींना उंच चढता येत नाही, त्यामुळे पिकअप नको. जमिनीलगत दार असलेली उघडी गाडी हवी, आणि ती चालण्याच्या वेगाने नेणारा धीराचा ड्रायव्हर. सुहासदादा, तुमच्या ओळखीत कुणी आहे का?

गेंटिलीचा_सुहास

आहे. आमच्या शेजाऱ्यांकडे जुनी उघडी गाडी आहे, ते लग्नांना देतात. उद्या विचारून कळवतो. दाराची उंची मोजून घेतो.