दम्याचा स्टेरॉइड पंप मुलाला रोज देणे सुरक्षित आहे का?

प्रश्न (एक आई):
माझ्या 9 वर्षांच्या मुलाला दमा आहे. डॉक्टरांनी बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप सकाळ-संध्याकाळ 100 मायक्रोग्रॅम, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, रोज द्यायला सांगितला आहे. आता त्याचा रात्रीचा खोकला थांबला आहे आणि खेळताना धापही लागत नाही. त्यामुळे घरातली मोठी माणसे विचारतात, की मुलगा बरा असताना स्टेरॉइड कशासाठी? उंची खुंटेल, सवय लागेल, अशी भीती त्यांना वाटते. त्रास होईल तेव्हाच साल्बुटामॉल हे लगेच आराम देणारे औषध दिले तर चालणार नाही का?

प्रतिसाद 1 (बालरोगतज्ज्ञ):
मुलगा बरा दिसतो आहे तो या पंपामुळेच, ही शक्यता आधी लक्षात घ्यावी. दम्यामध्ये श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि लक्षणे नसतानाही ती टिकून राहू शकते. साल्बुटामॉल आवळलेले स्नायू काही तासांपुरते सैल करते, पण सुजेवर त्याचा उपयोग होत नाही. दम्याच्या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या 'जिना' या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2019 पासून प्रौढांना आणि किशोरवयीनांना केवळ साल्बुटामॉलसारख्या औषधावर ठेवू नये असे सांगितले आहे. लहान मुलांच्या बाबतीतही वारंवार साल्बुटामॉल लागणे हे दमा आटोक्यात नसल्याचे लक्षण आहे.

उंचीबद्दलची शंका निराधार नाही, म्हणून ती झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. 5 ते 13 वर्षांच्या मुलांना काही वर्षे रोज 400 मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड देऊन केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात औषध घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी सुमारे 1.2 सेंटिमीटरने कमी भरली, आणि हा फरक मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत पडला होता. तुमच्या मुलाची मात्रा त्याच्या निम्मी आहे. दुसऱ्या बाजूला, दम्याचा झटका आल्यावर पोटातून द्यावे लागणारे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये, म्हणजे मायक्रोग्रॅमच्या हजारपट मोठ्या एककात, मोजतात, आणि असे झटके वारंवार येऊ देणे हा मुलाच्या दृष्टीने कितीतरी मोठा धोका आहे. दर भेटीत उंची मोजून नोंदवून घ्या. या पंपाचे व्यसन लागत नाही. दमा साधारण तीन महिने आटोक्यात राहिला, की मात्रा कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. पंप मनाने बंद करू नये.

प्रतिसाद 2 (अनेक वर्षे दमा असलेली व्यक्ती):
मला पूर्वी याच औषधाने तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येत आणि आवाज बसत असे. स्पेसर वापरू लागल्यावर आणि प्रत्येक वेळी चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंकून टाकू लागल्यावर तो त्रास गेला. दात घासण्याच्या आधी पंप घेतला, तर हे आपोआप होते. स्पेसर साबणाच्या पाण्याने धुवावा, पण फडक्याने पुसू नये. घासल्याने स्थिर वीज निर्माण होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटून राहते. तो तसाच वाळू द्यावा.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. दोन वेळा फवारायचे असेल, तर दोन्ही फवारे एकदम स्पेसरमध्ये सोडले तर चालतात का? आणि झटका आला तर याच पंपाचे जास्त फवारे द्यायचे का?

प्रतिसाद 1 (बालरोगतज्ज्ञ):
एकदम सोडू नयेत. पंप हलवून एक फवारा सोडावा, मुलाने सावकाश खोल श्वास घेऊन शक्य तर 10 सेकंद रोखून धरावा, आणि अर्ध्या-एक मिनिटाने पंप पुन्हा हलवून दुसरा फवारा सोडावा. पुढे कधी पावडरचा इन्हेलर मिळाला, तर मात्र श्वास जोराने आत ओढावा लागतो आणि स्पेसर लागत नाही. ही पद्धत दवाखान्यात करून दाखवायला सांगा.

झटक्यात बुडेसोनाइडच्या या पंपाने लगेच आराम पडणार नाही, कारण सूज उतरायला दिवस, कधी आठवडे लागतात. तेव्हा साल्बुटामॉलच द्यावे. त्याने आराम पडत नसेल, बोलताना मुलाचे वाक्य तुटत असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर साल्बुटामॉल देत देतच त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. असा झटका ओळखून काय करायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्याची एक प्रत शाळेतही द्या.