उझबेकिस्तान: लिपी बदलली, पण पूर्ण नाही

असं म्हटलं जातं की १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाल्यावर उझबेकांनी सिरिलिक (रशियन भाषेची लिपी) टाकून लॅटिन लिपी (इंग्रजीची) घेतली आणि रशियन छाप पुसली. कायद्यापुरतं खरं आहे. ताश्कंदच्या पाट्या वाचल्या तर दोन्ही लिप्या सुखाने नांदताना दिसतात.

१९९३ च्या कायद्यातली लिपी तुर्की वळणाची होती: शेपटीवाला 'एस', दोन टिंबांचा 'ओ'. १९९५ मध्ये ती बदलून 'श'साठी एस-एच, 'च'साठी सी-एच आणि दोन अक्षरांना वर उलटा स्वल्पविराम असं ठरलं, म्हणजे साध्या इंग्रजी कीबोर्डवर भागावं. गोम तिथेच आहे. देशाच्या नावातलं (O‘zbekiston) पहिलंच अक्षर तसलं! कोणी सरळ अपॉस्ट्रॉफी टाकतो, कोणी अवतरणचिन्ह, कोणी बॅकटिक (कीबोर्डवरची उलटी तिरकी खूण). संगणकाला हे तीन वेगळे शब्द, त्यामुळे शोध फसतो. शिवाय शब्दातले उच्चार तोडण्यासाठी दुसरं, उजव्या वळणाचं चिन्ह आहेच. 'इसहाक' या नावात स आणि ह सुटे उच्चारायचे, म्हणून मध्ये ते घालावं लागतं, नाहीतर 'इशाक' वाचलं जातं.

शाळांत पहिलीपासून लॅटिन १९९६ ला आली, पण आईबाप सिरिलिकवरच. मुलाचा अभ्यास घ्यायचा कसा? जुनी पुस्तकं सिरिलिकमध्ये, ती नव्याने छापायला पैसा कुठला? पूर्ण बदलाची मुदत २००० ची होती, ती पुढे ढकलत गेले. माझ्या मते १९९५ ची दुरुस्ती ही खरी चूक. तुर्की अक्षरं ठेवली असती तर निदान टंकलेखनाचा घोळ टळला असता.