कणीक ‘आंबते’, ‘फुगते’ की ‘येते’?

गोदाकाठ (नाशिक): आई ६८ वर्षांची. ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ हा तंबूतला कार्यक्रम टीव्हीवर बघून तिने घरीच पाव करायचं ठरवलं. इंग्रजी कृती मी मराठीत उतरवून दिली. ‘प्रूव्ह’ला लिहिलं, ‘कणीक आंबायला ठेवा’. ‘एक तास’ पुढच्या ओळीत होतं, पण आंबायला ठेवायचं म्हणजे रात्रभर, हे तिच्या हाडात मुरलेलं. मे महिन्यातली रात्र. सकाळी झाकण काढलं तर गोळा वर येऊन मधोमध बसलेला, दारूसारखा वास, बोट लावलं की तारा सुटत होत्या. “तूच लिहिलंस ना?” म्हणाली. चूक माझ्या शब्दाची. काय लिहायला हवं होतं?

उंबरठा: ‘फुगू द्या’. आंबणं चवीचं, फुगणं आकाराचं. यीस्टच्या वायूने गोळा दुप्पट होतो, तिथेच थांबायचं.

निफाडकर: फुगते ती पुरी. आमच्याकडे इडलीचं पीठ ‘येतं’. “पीठ आलं का गं?” एवढंच विचारतात. थंडीत निफाडला पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा रात्रभर ठेवूनही येत नाही. ‘येणं’ घड्याळावर नाही, पिठावर असतं. म्हणून तोच शब्द बरोबर.

शुद्धमती: आधी ‘कणीक’ दुरुस्त करा. कणीक गव्हाच्या पिठाची, मैद्याचा उंडा. आणि बेक करणे कशाला? ‘भाजणे’ आहे की आपलं.

खरपूस: ताई, भाजणं फार पसरट आहे. शेंगदाणे भाजतो, पापड भाजतो, वांगं भाजतो, रवाही भाजतो. मग ओव्हनमधलं कोणतं भाजणं? माझी आजी कोकणातली. धोंडस करताना पातेल्याखाली विस्तव आणि झाकणावर निखारे. तिचा शब्द ‘वरखाली विस्तव’. ओव्हनचं सगळं काम त्या दोन शब्दांत येतं.

उंबरठा: सुंदर! पण कृतीत ‘१९० अंशांवर वरखाली विस्तव’ कोण लिहिणार? ‘बेक करा’ लिहा, आईला कळतं.

शुद्धमती: कळतं म्हणून स्वीकारायचं, तर मराठीत उरेल काय? आणि ‘बेक’ तरी परका कुठे? संस्कृत ‘पच्’वरूनच आला.

खरपूस: नाही. ‘पच्’चं नातं लॅटिनमधून इंग्रजी ‘कुक’शी आहे, ‘बेक’शी नाही. आपलं ‘भाजणे’ मात्र संस्कृत ‘भ्रस्ज्’वरून आलं. अभिमान धरायचा तर त्याचा धरू.

निफाडकर: आणि पाव? पायाने तुडवून मळायचे म्हणून पाव, असं वडील सांगायचे.

खरपूस: ती दंतकथा. पोर्तुगीज ‘पाँव’वरून आला. गोव्यात आजही पोदेर पाव विकतो, तो ‘पोदेर’ही पोर्तुगीजच.

निफाडकर: वडील पंचवटीतल्या एका भट्टीवर दिवाळीत नानकटाई भाजून आणायचे. डोळ्यांनी बघून सांगितलेलं ते खोटं कसं म्हणू?

खरपूस: बघितलेलं खरंच असेल. शब्द त्यावरून आला नाही, इतकंच.

शुद्धमती: नानकटाई भट्टीत ‘भाजून’ आणायचे. बघा, माझंच म्हणणं आलं.

उंबरठा: गोदाकाठ, त्या बसलेल्या गोळ्याचं काय केलंत?

गोदाकाठ: आईने त्यात ज्वारीचं पीठ, कांदा, मिरची मळून थालीपीठं थापली. शेवटचं मी खाल्लं. कागदावर ‘आंबायला’ खोडून तिने स्वतःच ‘दुप्पट होईस्तोवर’ लिहिलंय.

निफाडकर: मग ‘येईस्तोवर’ का नाही?