मुरगावहून लिस्बनला बोटीनं जाता येईल का?

डिचोलीची_आजी
नमस्कार मंडळी, प्रश्न खुळ्यासारखा वाटेल पण हसू नका. लेक लिस्बनला असते, नात आठ महिन्यांची झाली आणि आम्ही अजून तिला फोनवरच बघतोय. अडचण आमच्या ह्यांची. दोन वर्षांमागे दिल्लीहून येताना पावसात विमान असं काही आपटलं की तेव्हापासून हे मोपाच्या विमानतळाचं नावसुद्धा काढू देत नाहीत. आता म्हणतात वास्को द गामा बोटीनं आला ना, मग आपण तोच रस्ता उलटा धरू. वेळ भरपूर आहे, दोघंही रिटायर. आमच्या गोव्यात मुरगाव बंदरात एवढ्या बोटी लागतात, त्यातली एखादी माणसं घेते का? क्रूझ असते का? कोणी गेलंय का असं?

तारवटी_३१वर्षं
बाय, ३१ वर्षं बोटीर काढली म्हणून सांगतो, मुरगावात दिसतात त्या बहुतेक खनिजाच्या आणि कोळशाच्या बोटी, त्यांना प्रवासी घ्यायचे नसतात, आणि माल उतरवून पुढं कुठं जायचं हे कधीकधी कॅप्टनलाही आयत्या वेळी कळतं. कंटेनर बोटींवर पूर्वी काही कंपन्या पैसे घेऊन माणसं न्यायच्या. फार नाहीत, जास्तीत जास्त १२, कारण १२ च्या वर प्रवासी झाले की ती कायद्यानं पॅसेंजर शिप ठरते आणि मग सगळे नियम बदलतात. २०२० मध्ये कोविड आला आणि बहुतेकांनी ते बंद केलं. जिथं मिळायचं तिथंही मेडिकल सर्टिफिकेट लागायचं आणि वयाची अट असायची, कारण बोटीवर डॉक्टर नसतो.

दुसरं म्हणजे रस्ता. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले, तेव्हा कित्येक कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. त्यात दहा-बारा दिवस जास्त जातात. म्हणजे साहेबांची वास्कोच्या रस्त्यानं जायची हौस भागली असती म्हणा :) त्याला मात्र लिस्बन ते कालिकत दहा महिने लागले होते, १४९७ च्या जुलैत निघाला तो १४९८ च्या मे मध्ये पोचला.

मांडवीकाठ
आजी, तुम्ही साठ-पासष्ट वर्षं उशिरा विचारलंत. १९६१ च्या डिसेंबरात, गोवामुक्तीच्या दहा दिवस आधी, तिमोरहून लिस्बनला जाणारी 'इंदिया' नावाची बोट मुरगावात लागली होती. जागा ३८० माणसांची आणि चढली ७०० च्या आसपास, सगळी गोवा सोडून पळणारी.

आणि मुंबईची बोट आठवते का कोणाला? कोकण सेवक, कोकण शक्ती? सकाळी भाऊच्या धक्क्यावरनं सुटायची, डेकवर वळकटी पसरून जागा धरायची, मग रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत दुसऱ्या दिवशी पणजी. मधल्या बंदरांत बोट बाहेरच उभी राहायची आणि पडावातनं (छोट्या होडीतनं) माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं वर यायचं. पावसाळ्यात बंद. माझी आई देवगड येईपर्यंत डोळेच उघडायची नाही, इतकं तिला लागायचं, तरी एसटीपेक्षा बोटच बरी म्हणायची. ऐंशीच्या दशकाअखेर ती बोटही बंद झाली.

हिरवो_माड
मी तर म्हणतो विमान सोडणं चांगलंच, प्रदूषण किती. ती हवामानासाठी आंदोलन करणारी ग्रेटा थनबर्ग नाही का २०१९ ला प्लिमथहून न्यूयॉर्कला शिडाच्या होडीनं गेली, १४ ऑगस्टला निघाली आणि २८ ला पोचली. क्रूझनं जा आजी, पर्यावरणाला हातभार.

तारवटी_३१वर्षं
@हिरवो_माड बाबा, क्रूझचं म्हणशील तर ते तरंगतं हॉटेल, एसी, तलाव, लाँड्री, चोवीस तास किचन, ह्या सगळ्याचं इंधन माणशी वाटलंस तर बरेचदा विमानापेक्षा जास्त पडतं. मालवाहू बोट कशीही जाणारच असते, तिथं तुझं म्हणणं खरं. आणि ग्रेटाची ती यॉट परत आणायला काही खलाशी विमानानंच न्यूयॉर्कला जाणार होते, तेव्हा त्यावरून केवढी टीका झाली होती.

कुडाळकरीण
क्रूझचा एक प्रकार असतो, हंगाम संपला की बोट एका समुद्रातनं दुसऱ्या समुद्रात हलवतात, त्या एकतर्फी फेरीची तिकिटं विकतात. दुबईहून युरोपला अशा जायच्या. पण त्यावरही ते तांबड्या समुद्राचं सावट आहेच, आणि दुबईला जायला विमानच :)) शिवाय वाटेत बंदर लागेल त्या देशाचा व्हिसा बघावा लागतो.

मला वाटतं आधी काकांना समुद्र मानवतो का ते बघा. ट्रेननं चेन्नई गाठा, तिथनं सरकारी बोट पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) जाते, अडीच-तीन दिवस लागतात. बंक क्लास (एका हॉलमध्ये सगळ्यांच्या बर्थ) स्वस्त, पण तुम्ही केबिन घ्या. नाहीतर कोची ते लक्षद्वीप, १४ ते १८ तास, त्याला परमिट लागतं. काका तीन दिवस ओकले तर पुढचा प्रश्नच मिटला, आणि सोसलं तर निदान कुठंतरी गेलात.

डिचोलीची_आजी
सगळं ह्यांना वाचून दाखवलं. कोंबड्यांवाली बोट ऐकून डोळ्यांत पाणी आलं, १९७४ ला ह्याच बोटीनं मुंबईला नोकरीला गेले होते, मला आजवर बोलले नव्हते. लिस्बनचं आता बोलत नाहीत, पण चेन्नईच्या ट्रेनचं टाइमटेबल काढलंय. लेकीला सांगितलं तर ती म्हणते त्यापेक्षा मीच नातीला घेऊन डिसेंबरात येते. येऊ दे, आमचं अंदमान मात्र ठरलं. केबिन कुठली मागू?

तारवटी_३१वर्षं
बोटीच्या मधोमध आणि जितकी खालच्या डेकला मिळेल तितकी. नाळेकडची (पुढच्या टोकाची) घेऊ नका, तिथं बोट सगळ्यात जास्त आपटते. जानेवारी ते मार्च समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. उलटीची गोळी डॉक्टरना विचारून बोट सुटायच्या तासभर आधी, सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, पोटात राहतच नाही. रिकाम्या पोटी राहू नका. आणि साहेबांना म्हणावं गरगरलं की केबिनमध्ये पडून राहू नका, डेकवर या आणि क्षितिजाकडं बघा.