'इंटरप्टिंग रेटिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादक, डिचोली

नमस्कार. काजूच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी विजेच्या सुरक्षिततेची एक पुस्तिका मराठीत करते आहे. सर्किट ब्रेकर निवडण्याच्या प्रकरणात 'इंटरप्टिंग रेटिंग' हा शब्द पानोपानी येतो. यंत्रानुवादाने त्याचं 'व्यत्यय मूल्यांकन' केलं. हाती आलेल्या जुन्या मसुद्यात '१०,००० अँपिअरपर्यंतचा भार पेलण्याची क्षमता' असं लिहिलेलं आहे. आमच्या घरच्या एमसीबीवर (म्हणजे घरातल्या छोट्या सर्किट ब्रेकरवर) सी३२ छापलंय आणि जवळच चौकटीत १०००० हा आकडा आहे. ३२ अँपिअरची एमसीबी दहा हजार अँपिअर कशी पेलेल? मला वाटतं अर्थच चुकलाय. आधी अर्थ नीट कळला तर शब्द निवडता येईल.

मराठीचे शिक्षक, पणजी

ब्रेकरला 'परिपथ खंडक' म्हणतात, तेव्हा 'खंडनक्षमता' चालायला हरकत नाही. ब्रिटिश वळणाच्या पुस्तकांत याच गोष्टीला 'ब्रेकिंग कपॅसिटी' म्हणतात, 'इंटरप्टिंग रेटिंग' हे अमेरिकेतलं वळण. दोन्ही शब्द दिसले तरी मराठीत एकच ठेवा.

इलेक्ट्रिकल सुपरवायझर, फोंडा

ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. तो जुना मसुदा छापू नका, तो वाचून माणूस चुकीचा ब्रेकर आणेल.

एमसीबीवर तीन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात आणि बोलताना आपण तिन्हींना 'कपॅसिटी' म्हणतो, घोळ तिथेच होतो. ३२ म्हणजे न पडता ती सतत वाहू देईल तो प्रवाह. सी हे अक्षर शॉर्ट झाल्यावर झटक्यात कधी पडायचं ते सांगतं: सी वर्गात ५ ते १० पट, म्हणजे इथे १६० ते ३२० अँपिअरच्या दरम्यान. (बी वर्गात ३ ते ५ पट, डी वर्गात १० ते २० पट.) आणि चौकटीतले १०००० म्हणजे शॉर्टचा जास्तीत जास्त केवढा प्रवाह ती सुखरूप तोडू शकेल, तो आकडा. भाराशी त्याचा काही संबंध नाही.

पडणं आणि तोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे पुस्तिकेत ठळक यायला हवं. शॉर्टचा प्रवाह १५,००० अँपिअर असला तरी ही एमसीबी पडेल. तो प्रवाह तिला तोडता येईलच याची मात्र हमी नाही.

कारण आतले संपर्क अलग झाले म्हणून प्रवाह लगेच थांबत नाही. दोन संपर्कांमधल्या हवेत विजेची कमान पेटते, आम्ही तिला आर्क म्हणतो, आणि प्रवाह तिच्यातून चालूच राहतो. ती कमान चुंबकीय बळाने धातूच्या पातळ पट्ट्यांच्या गठ्ठ्यात ढकलली जाते. तिथे तिचे तुकडे होतात, ती थंड होते आणि विझते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो. त्या क्षणाची मदत मिळते, पण पुढच्याच क्षणी कमान पुन्हा पेटू नये एवढी जागा थंड झालेली असावी लागते. प्रवाह आवाक्याबाहेरचा असला तर ते होत नाही. संपर्क वितळून एकमेकांना चिकटतात, एमसीबीची डबी फुटू शकते, तापलेला वायू बाहेर येतो, आणि समोर उभा असतो तो कामगार. इतक्या मोठ्या कामाला 'व्यत्यय' म्हणणं मला पटत नाही. व्यत्यय भाषणात येतो. इथे प्रवाह कायमचा तोडायचा असतो.

चवथीच्या दिवसांत मला हमखास येणारा फोन सांगतो. गणपतीवर बांधलेल्या माटोळीजवळ दिव्यांच्या माळा, स्वयंपाकघरात मिक्सर, शिवाय गीझर आणि एसी, आणि एमसीबी सारखी पडते. मग कोणीतरी सुचवतं, 'दहा हजारवाली बसवा.' तिने पडणं थांबणार नाही, कारण तो जास्त भाराचा प्रश्न आहे आणि भार ओळखणारी पट्टी ३२ अँपिअरचाच हिशेब करते. त्याहून वाईट सल्ला म्हणजे जुन्या वायरवर ४० अँपिअरची बसवणं. मग एमसीबी पडायच्या आधी वायर तापते.

माझं मत 'तोडक्षमता'ला. वायरमनला एकदा ऐकून कळेल.

अनुवादक, डिचोली

दादा, फार उपयोग झाला. म्हणजे तोडक्षमता भारावरून ठरत नाही. मग कशावरून? सगळ्यांनी सरसकट १०००० घ्यावी का?

इलेक्ट्रिकल सुपरवायझर, फोंडा

जागेवरून ठरते. ब्रेकर जिथे बसणार तिथे शॉर्ट झालं तर किती प्रवाह येऊ शकेल, त्याला आम्ही फॉल्ट लेव्हल म्हणतो. तो आकडा ट्रान्सफॉर्मर केवढा आणि मधली केबल किती लांब व किती जाड, यावर अवलंबून असतो.

१०० केव्हीए क्षमतेचा, ४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे १३३ अँपिअर. नामपट्टीवर इंपीडन्स (ट्रान्सफॉर्मर स्वतः प्रवाहाला करतो तो अडथळा) ४.५ टक्के असेल तर १३३ ला ०.०४५ ने भागा: त्याच्या टोकाशी शॉर्टचा प्रवाह साधारण ३,००० अँपिअर. ५०० केव्हीएचा असेल तर ६६७ भागिले ०.०४५, म्हणजे जवळजवळ १४,८०० अँपिअर. कुंडईच्या किंवा वेर्ण्याच्या वसाहतीतल्या कारखान्यात असा ट्रान्सफॉर्मर आवारातच असेल आणि मुख्य पॅनल त्याला लागून असेल, तर तिथे १०००० ची एमसीबी अपुरी. तिथे त्याहून जास्त तोडक्षमतेचा एमसीसीबी, म्हणजे कारखान्यांत वापरतात तो मोठा ब्रेकर लागतो, मग त्यावरचा भार अवघा ३२ अँपिअरचा का असेना.

आता सत्तरी तालुक्यातलं एखादं घर घ्या. खांबापासून मीटरपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनिअमची सर्व्हिस वायर, अंतर २५ मीटर. किलोमीटरला १.९१ ओहम रोध धरला तर जाऊन-येऊन ५० मीटरचा रोध ०.०९५ ओहमच्या आसपास. मागे कितीही मोठा ट्रान्सफॉर्मर असू दे, २३० व्होल्टला या वायरीतून सुमारे २,४०० अँपिअरपेक्षा जास्त येऊच शकत नाही. तिथे ६००० ची एमसीबी भरपूर झाली. मात्र मडगाव-पणजीत इमारतीच्या आवारातच ट्रान्सफॉर्मर असतो, तिथल्या तळमजल्याच्या मीटर-पॅनलला हा न्याय लावू नका.

आणि पुस्तिकेत 'महावितरण' लिहू नका हं. ट्रान्सफॉर्मरची माहिती आपल्याकडे वीज खात्याच्या कार्यालयातून घ्यायची.

आयटीआय निदेशक, म्हापसा

'तोडक्षमता'ला माझाही दुजोरा. तिची जोडीदारीण आपोआप मिळते, हाही फायदा: 'मेकिंग कपॅसिटी'ला 'जोडक्षमता'. पुढे शॉर्ट असतानाच कोणी ब्रेकर चालू केला तर पहिल्याच लाटेचं शिखर त्याला सोसावं लागतं. म्हणून जोडक्षमतेचा आकडा शिखराचा देतात आणि तो तोडक्षमतेपेक्षा मोठा असतो. एमसीसीबीचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०९४७-२, त्यात १० किलोअँपिअर तोडक्षमतेला जोडक्षमता किमान १७ किलोअँपिअर मागितली आहे.

पण अनुवादक ताई, एका जागी फार सांभाळा. इंग्रजीत ब्रेकर 'क्लोज' करणं म्हणजे संपर्क जुळवणं, वीज सुरू करणं. त्याचं 'ब्रेकर बंद करा' असं भाषांतर मी छापील कागदावर पाहिलं आहे. मराठी माणसासाठी बंद म्हणजे वीज नाही. तो कागद वाचणारा बटण खाली करील, किंवा आधीच बंद आहे असं समजून तारेला हात लावील. 'उघडा' शब्दाचंही तेच, इंग्रजीत त्याचा अर्थ वीज तुटलेली. पुस्तिकेत 'उघडा' आणि 'बंद' हे दोन्ही शब्द ब्रेकरपाशी येऊच देऊ नका. 'चालू करा' आणि 'पाडा' लिहा. 'एमसीबी पाडा' म्हटल्यावर गोव्यात कुणाचा गोंधळ होणार नाही.

एमसीसीबीच्या नामपट्टीवर दोन तोडक्षमता असतात, आयसीयू आणि आयसीएस. पहिलीची चाचणी अशी: शॉर्ट तोड, थांब, मग शॉर्टवरच चालू करून पुन्हा तोड. त्यानंतर त्या ब्रेकरने पूर्ण प्रवाह नेहमीसारखा वाहिलाच पाहिजे अशी अट नाही. दुसरीत शेवटची पायरी आणखी एकदा होते आणि तरीही तो पुढे कामावर राहण्याजोगा असावा लागतो. दुसरीचा आकडा सहसा पहिलीच्या २५, ५०, ७५ किंवा १०० टक्के असतो. घरगुती एमसीबीचं मानक वेगळं, आयईसी ६०८९८-१. त्यातही १०००० लिहिलेल्या एमसीबीची ही दुसरी क्षमता ७,५०० धरतात. ६००० पर्यंत दोन्ही सारख्याच.

वर्गात मी 'अंतिम तोडक्षमता' आणि 'सेवा तोडक्षमता' म्हणतो.

मराठीचे शिक्षक, पणजी

सर, 'सेवा' इथे अर्थ देत नाही. ऐकणाऱ्याला दुरुस्तीची सर्व्हिस आठवेल. आणि 'अंतिम' म्हणजे शेवटची की सर्वांत मोठी? 'कमाल तोडक्षमता' आणि 'पुनर्वापर तोडक्षमता' कसं वाटतं? दुसऱ्या शब्दात तोडल्यावर पुन्हा वापरता येतो हे आलं.

आयटीआय निदेशक, म्हापसा

'कमाल' लगेच घेतो. 'पुनर्वापर' ऐकून मात्र मोडीतला जुना ब्रेकर बसवायला परवानगी आहे असं कोणी समजेल, आणि आपल्याकडे तसे बसवले जातात. 'टिकाऊ तोडक्षमता' बरं. मोठा शॉर्ट तोडलेला ब्रेकर तपासल्याशिवाय पुन्हा चालू करायचा नाही, हे वाक्य त्याच परिच्छेदात घाला.

अनुवादक, डिचोली

'कमाल' आणि 'टिकाऊ' घेते. मुख्य वाक्य असं केलंय, पाहाल का?

'ब्रेकर जिथे बसवायचा तिथे शॉर्ट झाल्यास जेवढा प्रवाह येऊ शकतो, त्याहून ब्रेकरची तोडक्षमता कमी असता कामा नये. ही क्षमता भारावरून ठरवू नये.'

इलेक्ट्रिकल सुपरवायझर, फोंडा

छान झालंय, असंच ठेवा. मागच्या मोठ्या ब्रेकरच्या आधाराने पुढचा कमी तोडक्षमतेचा चालतो अशी सवलत आहे, पण ती त्याच दोन ब्रेकरांची जोडी उत्पादकाने तपासून यादीत दिली असेल तरच. कामगारांच्या पुस्तिकेत ती नसली तरी चालेल, ते डिझाइन करणाऱ्याने पाहायचं.

एमसीबीवर चौकटीतल्या १०००० पुढे अँपिअर लिहिलेलं नसतं आणि एमसीसीबीवर तोच आकडा किलोअँपिअरमध्ये १० असा येतो. दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी द्या, आणि चित्रांतले आकडे वस्तूवर असतात तसे इंग्रजीच ठेवा. पॅनल उघडल्यावर कामगाराला तेच दिसणार आहेत.