संगणकाच्या साफसफाईसाठी वेगळी युटिलिटी खरोखर लागते का?

मूळ मांडणी

संगणक मंदावला की 'एखादा क्लीनर टाकून बघा' हा सल्ला हमखास मिळतो आणि माझ्या मते तो चुकीचा आहे. विंडोजमध्ये डिस्क क्लीनअप विंडोज ९८ पासून आहे, २०१७ साली विंडोज १० मध्ये स्टोरेज सेन्सही आले, आणि तात्पुरत्या फायली काढणे व रिसायकल बिन रिकामा करणे ही कामे तेवढ्याने भागतात. क्लीनर खपतात ते रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज जिथे साठवल्या जातात त्या नोंदवहीच्या, सफाईवर. 'शेकडो त्रुटी सापडल्या' असे लाल अक्षरांत दिसले की माणूस घाबरतो. प्रत्यक्षात त्यांतल्या बहुतेक नोंदी काढून टाकलेल्या प्रोग्रॅमचे निरुपद्रवी अवशेष असतात. त्या पुसल्याने जाणवण्याइतका वेग वाढत नाही, मात्र त्यांच्यासोबत कामाची एखादी नोंद गेली तर चांगला चाललेला प्रोग्रॅम उघडेनासा होतो. मायक्रोसॉफ्टनेही अशा क्लीनरना आपला पाठिंबा नसल्याचे स्पष्ट केले आहे.

प्रतिसाद १

रजिस्ट्रीविषयी आपण लिहिलेत ते मान्य आहे, पण त्यावरून सगळ्याच युटिलिटी निकालात काढणे मला पटत नाही. माझ्या लॅपटॉपच्या २५६ जीबीच्या एसएसडीवर जेमतेम चार जीबी जागा उरली होती. डिस्क क्लीनअप चालवून एक जीबीसुद्धा मोकळा झाला नाही. मग डिस्कवर कशाने किती जागा व्यापली हे चित्रात दाखवणारे विनडरस्टॅट चालवले, तेव्हा रंगीत चौकोनांच्या नकाशात एकच चौकोन जवळपास पाव पडदा व्यापून बसलेला दिसला. तो होता जुन्या फोनचा विसरलेला बॅकअप. तो बाह्य डिस्कवर हलवला आणि प्रश्न मिटला. विंडोजची अंगभूत सोय मला तिथवर घेऊन गेली नव्हती.

प्रतिसाद २

मी मूळ मांडणीशी सहमत आहे. माझे कारण मात्र सुरक्षिततेचे आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सीक्लीनर या क्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला, आणि ती आवृत्ती खऱ्या डिजिटल स्वाक्षरीसह अधिकृत मार्गानेच वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली. सिस्टिमच्या फायली आणि रजिस्ट्री साफ करायची तर प्रोग्रॅमला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्यावे लागतात. ज्याच्या हाती घराच्या सगळ्या किल्ल्या दिल्या, त्याच्याच आत चोर शिरला तर काय उरते?

प्रतिसाद ३

अंगभूत साधनेही निर्धोक नाहीत. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीत डिस्क क्लीनअपच्या यादीत डाउनलोड्स फोल्डरही आले होते, आणि सवयीने सगळ्या चौकटींवर खूण करणाऱ्याच्या हव्या असलेल्या फायलीही त्यात जाऊ शकत होत्या. साधन कुणाचे यापेक्षा आपण काय पुसतो आहोत हे वाचणे महत्त्वाचे. ब्राउझरचा कॅशे, म्हणजे पाहिलेल्या पानांचा त्याने जवळ ठेवलेला साठा, रोज रिकामा करणारे तर स्वतःच्या हाताने काम वाढवतात, कारण तीच चित्रे पुन्हा उतरवून घ्यावी लागतात.

मूळ लेखकाचे उत्तर

विनडरस्टॅटविषयीचा मुद्दा मी स्वीकारतो. ते जागा कुठे गेली हे दाखवते आणि काय काढायचे हा निर्णय वापरणाऱ्यावर सोडते, म्हणून माझा आक्षेप त्याला लागू होत नाही. 'एका क्लिकमध्ये सर्व दुरुस्त' म्हणणाऱ्यांना मात्र माझा विरोध कायम आहे. संगणक सुरू व्हायलाच वेळ लागत असेल, तर विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमध्ये असलेला स्टार्टअपचा टॅब उघडावा आणि सोबत आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्रॅम तिथे बंद करावेत. बऱ्याचदा त्या यादीत क्लीनर स्वतःच बसलेला असतो.