'एलियन: आयसोलेशन'मधला प्राणी लबाडी करत नाही!

रातपाळीवाला:
अंतराळ स्थानकात एका परग्रही प्राण्यापासून लपत जीव वाचवायचा, असा हा गेम. त्यावर काल इथे एकाने लिहिलं, "हा गेम अवघड नाही, लबाड आहे. कुठेही लपा, त्या प्राण्याला आधीच ठाऊक असतं." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

प्राण्याला काहीही ठाऊक नसतं. गेम बनवणाऱ्या क्रिएटिव्ह असेंब्लीने २०१४ मध्येच यात दोन डोकी, म्हणजे दोन वेगळे प्रोग्राम, ठेवलीत. वरच्या डोक्याला तुमची जागा कळते, पण ते प्राण्याला फक्त 'त्या बाजूला बघ' एवढंच सुचवतं. शोधायचं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी, कानांनी. आणि तुमच्यावरचा ताण फार वाढला, की तेच वरचं डोकं त्याला छतातल्या बोगद्यात परत पाठवतं.

गेममधल्या सॅन क्रिस्टोबल दवाखान्यात मी १२ वेळा मेलो. बाराही वेळा चूक माझीच. कधी धावलो. कधी तो शेजारी असताना मोशन ट्रॅकर, म्हणजे हालचाल टिपणारं यंत्र, हातात धरून बसलो. त्याची टिकटिक त्यालाही ऐकू जाते. कधी छतातून लाळ ठिबकत होती आणि मी सरळ खालून गेलो. तेराव्यांदा सुटलो, तेव्हा हात थरथरत होते. असा आनंद मला दुसऱ्या कुठल्याच गेमने दिलेला नाही.

खानदेशी:
ती पोस्ट माझीच होती. दोन डोक्यांचं राहू द्या, सेव्हचं बोला. गेम सेव्ह होतो तो फक्त भिंतीवरच्या फोनवर. त्यात कार्ड घालायचं, तिन्ही दिवे लागेपर्यंत उभं राहायचं, तेवढ्यात मागून शेपूट छातीतून आरपार! मे महिन्यात ३५ मिनिटं जीव मुठीत धरून पोचलो, समोर फोन दिसला आणि लाइट गेली. सगळं पहिल्यापासून. कुठेही सेव्ह करू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? आयजीएन या गेमची समीक्षा करणाऱ्या साइटने १० पैकी ५.९ दिले ते उगाच नाही.

पेठकर:
कुठेही सेव्ह मिळालं की भीती संपली. फोन दूर आहे म्हणून तर कपाटात श्वास रोखावा लागतो. लाइट जात असेल तर यूपीएस घ्या, गेमवर का राग?

खानदेशी:
यूपीएस घ्या म्हणे! तुमच्याकडे तासभर लाइट गेली तर बातमी होते. आमच्याकडे उन्हाळ्यात रोज जाते. वर्षभर पैसे साठवून ग्राफिक्स कार्ड घेतलं, आता बॅटरीसाठी कुणाकडे हात पसरू?

पेठकर:
पुण्यातही लाइट जाते हो. दरवेळी पुण्यावर कशाला घसरता?

खानदेशी:
सल्ला तुम्हीच दिलात.

सांजवात:
भांडू नका. माझ्याकडे यूपीएस आहे, पण ग्राफिक्स कार्डाच्या संगणकाला पाच-दहा मिनिटंच पुरतो. या गेममध्ये तेवढ्या वेळात एक कॉरिडॉर ओलांडून होत नाही. घाई केली की तो आलाच. म्हणून खानदेशींचं दुःख मला कळतं. मी शेवटी भावाच्या प्लेस्टेशन ४ वर संपवला, कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवून. खोलीतला आवाजही प्राण्याला ऐकू जातो. आईने "जेवायला ये गं" अशी हाक मारली आणि तो थेट माझ्या कपाटासमोर येऊन उभा राहिला. आठवडाभर घरात सगळे कुजबुजत बोलत होते.

पेठकर:
पाच-दहाच मिनिटं? बरं, यूपीएसचा सल्ला मागे घेतो. फोनबद्दल मात्र माघार नाही.

रातपाळीवाला:
खानदेशी, लाइटचा मुद्दा मलाही मान्य. २०१५ मध्ये नॉव्हिस ही सगळ्यात सोपी पातळी आली आहे, तीवर खेळून बघा. प्राणी जरा सौम्य होतो, निदान फोनपर्यंत लवकर पोचाल.

खानदेशी:
नॉव्हिस नको. हार्डवर सुरू केलाय, हार्डवरच संपवणार. प्राणी लबाड नाही, एवढं मानतो. छतातल्या लाळेकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. पण तो फोन ज्याने बनवला त्याला मी माफ करणार नाही.